परळची तपासणी आपल्या उपकेंद्रात कधी?

(जिल्हा मेळाव्यात महिला सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परळ-लालबागचा आणि आपला संबंध जुना आहे. वऱ्हाड-खानदेशचा कापूस गाठी बांधून मुंबईला जायचा, तिथल्या गिरण्यांत त्याचे सूत व्हायचे. भाव कोण ठरवायचे, हे तुम्हाला सांगायला नको. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, चिमण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. आपला कापूस आता तिथे जात नाही. आपली माणसे मात्र अजून जातात, हातात फायलींची पिशवी घेऊन, टाटा हॉस्पिटलला.

मी थोरल्या जाऊबाईंना घेऊन गेले होते. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून निभावले. फुटपाथवर पथारी टाकून राहिलेली कुटुंबे मी तिथे पाहिली. जाऊबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग होता. पाळी जाऊन चार वर्षे झालेली आणि अंगावर पुन्हा लाल जायला लागलेले. वर्षभर त्या कुणाला बोलल्या नाहीत. आधी पेरणी होती, मग खुरपणी, मग वेचणी. डॉक्टर म्हणाले, "चार-पाच वर्षांआधी आणलं असतं तर एवढंसं काम होतं." बैलजोडी गेली, सोसायटीचे कर्ज थकले, आणि जाऊबाईही गेल्या. हे गाऱ्हाणे सांगायला मी उभी राहिलेली नाही. ते "एवढंसं काम" म्हणजे काय, हे मी नंतर विचारत राहिले. जे कळले ते सांगते. भावांनो, तुम्ही खाली पाहू नका, हे तुमच्याच घरातले आहे.

हा रोग एका रात्रीत होत नाही. एका विषाणूमुळे पिशवीच्या तोंडावर आधी खराब चट्टा उठतो. त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-दहा वर्षे लागतात. तेवढ्या काळात चट्टा सापडला तर गोठवून किंवा लहानशा शस्त्रक्रियेने काढता येतो. तो शोधायची जुनी रीत अशी, की तिथला नमुना काचेवर घ्यायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा आणि जाणत्या डॉक्टरने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. मुंबईत हे जमते. ज्या गावात आठवड्यातून एकदा नर्सबाई येते तिथे कसे जमणार?

टाटा हॉस्पिटल 1941 साली टाटांच्या ट्रस्टने उघडले आणि 1962 पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. (खाते अणूचे आणि हॉस्पिटल कर्करोगाचे, हे सरकारी कोडे असू द्या.) तिथल्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम सुरू केले. साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या बाया त्यांनी घेतल्या आणि चार आठवडे शिकवून तयार केल्या. तपासणीचे साहित्य काय? चांगला उजेड, कापसाचा बोळा आणि चार टक्क्यांचे ॲसेटिक ॲसिड. म्हणजे तुमच्या-माझ्या भाषेत व्हिनेगर. बोळ्याने ते पिशवीच्या तोंडाला लावायचे, एक मिनिट थांबायचे. खराब जागा पांढरी पडते, डोळ्यांना दिसते. अशा बाईला पुढे डॉक्टरकडे पाठवायचे. प्रयोगशाळा नाही, रिपोर्टसाठी हेलपाटा नाही.

दीड लाखावर बाया या कामात होत्या. वस्त्यांचे दोन भाग केले होते. एका भागातल्या बायांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. दुसऱ्या भागात रोगाची माहिती दिली, तपासणी केली नाही. बारा वर्षांचा हिशेब 2013 साली जगापुढे ठेवला तेव्हा तपासलेल्या भागात या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी निघाले. जिथे शंभर बाया गेल्या असत्या तिथे एकोणसत्तर गेल्या. त्याच कार्यकर्त्या हाताने स्तनही तपासत होत्या. त्याचा वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये आला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायांत स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास तितकेच घटलेले दिसले.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईचे मुंबईला. तर ऐका. असाच प्रयोग आपल्या ज्वारीच्या मुलखातही झाला. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 1999 पासून टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी 1,31,746 बायांना घेऊन हे काम केले. गट चार होते. एकात विषाणूची तपासणी, एकात काचेवरचा नमुना, एकात व्हिनेगर आणि एकात काहीच नाही. प्रत्येक गटात तीस हजारांवर बाया. आठ वर्षांनी मृत्यू मोजले. काहीच न केलेल्या गटात 64, व्हिनेगरच्या गटात 56, काचेच्या गटात 54, आणि विषाणू तपासलेल्या गटात 34.

म्हणजे व्हिनेगरने इथे फारसा फरक पडला नाही. हे मी लपवणार नाही. आपण बियाण्याच्या जाहिरातीला बसलेलो नाही. पण मुंबईत पडला आणि इथे का नाही? इथे तपासणी एकदाच झाली, मुंबईत चार वेळा. पऱ्हाटीत एकदा डवरे फिरवून कुणाचे तण गेले आहे? एका फेरीत नजरेतून सुटलेले पुढच्या फेरीत सापडते. मला तरी असे वाटते, की परळचा खरा शोध बाटलीतल्या व्हिनेगरचा नाही. त्याच बाईने दर दोन वर्षांनी त्याच दारात पुन्हा जाण्याचा, आणि तिच्या कामावर कुणीतरी लक्ष ठेवण्याचा आहे. पैसा असेल तर विषाणूची तपासणी सर्वात चांगली. ती एकदाच केली तरी मृत्यू निम्म्यावर आले.

आणि ते 64? त्या आपल्याच बायका होत्या. तपासणी न करता काहींना नुसते मोजले, यावर पुढे डॉक्टरांतच वाद झाला. टीका रास्त होती असे माझे मत आहे. पण त्यांच्या जाण्यातून जे कळले ते परदेशच्या मासिकात छापून आले आणि आपल्या उपकेंद्रात आले नाही, याचा राग मला त्याहून जास्त येतो. केंद्र सरकारने 2016 साली आराखडा काढला. तीस ते पासष्ट वर्षांच्या बायांची व्हिनेगरने दर पाच वर्षांनी तपासणी करायची. त्यानंतर 2019 ते 2021 मध्ये देशाची आरोग्य पाहणी झाली. तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांत ही तपासणी कधीतरी झालेल्या दोनही भरल्या नाहीत.

तपासणी नसली की भीतीचा धंदा चालतो. अंगावर पांढरे जाते म्हणून गेलेल्या बाईला "पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल" असे सांगणारे दवाखाने तुम्हाला माहीत आहेत. बीडच्या ऊसतोड बायांची गोष्ट 2019 साली राज्यभर गाजली. एक मिनिटाच्या तपासणीने यातल्या किती पिशव्या वाचल्या असत्या?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस 2023 साली बाजारात आली. ती मुलींसाठी मोलाची आहे. पण आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या बाईला ती घेऊन तपासणी टाळता येणार नाही.

तेव्हा परत गेल्यावर एक काम करा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: ही तपासणी कोणत्या वारी होते? कोण करते, शिकून आली आहे का? पडद्याची जागा आहे का? चट्टा दिसला तर बाईला कुठे पाठवता, आणि ती तिथे पोचली की नाही हे कोणत्या वहीत लिहिता? शेवटचा प्रश्न सोडू नका, बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच अडेल. उत्तरे कागदावर लिहून घ्या. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाचा कागद हवा आहे. तो घेऊन आपण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ. वेचणीच्या आधीचा दिवस धरू, म्हणजे बायांनाही येता येईल.