मागणीपत्र कुणाच्या नावाने लिहायचे?

आमच्या थेरगावात राहणाऱ्या कामगाराला आपला मालक कोण, हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. गेटवर कंपनीची पाटी असे, पगाराच्या चिठ्ठीवर तेच नाव असे आणि युनियनचे मागणीपत्रही त्याच नावाने जाई. मग बैठका, घासाघीस, कधी काळ्या फिती, कधी गेटसभा आणि शेवटी तीन-चार वर्षांचा वेतनकरार. इथल्या सुपरवायझर मंडळींना मी बरीच वर्षे संध्याकाळच्या वर्गात औद्योगिक संबंध हा विषय शिकवला. त्यांना पुस्तकातले हे चित्र ओळखीचे वाटे.

2021 च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि या चित्राची चौकट अपुरी पडली. नव्वद हजारांहून अधिक कर्मचारी, अडीचशे आगारे. आपले पिंपरीचे वल्लभनगर आगारही त्यात आले. संप चालला जवळजवळ साडेपाच महिने.

जॉन डनलॉप या अमेरिकन अभ्यासकाने 1958 साली मांडलेला विचार सोपा आहे. उद्योगात तीन पात्रे असतात: कामगार व त्यांच्या संघटना, व्यवस्थापन आणि सरकार. तंत्रज्ञान, पैसा आणि सत्ता यांच्या चौकटीत ही तिघे मिळून नियमांचे जाळे विणतात. सरकार यात पंचासारखे. आता एसटी बघा. महामंडळ 1950 च्या कायद्याखालचे, म्हणजे कागदोपत्री स्वतंत्र. पण भाडेवाढीला सरकारी यंत्रणेची मंजुरी हवी, सवलती सरकार जाहीर करणार, तोट्यातल्या गावालाही गाडी गेलीच पाहिजे, आणि सवलतीची रक्कम तिजोरीतून येईपर्यंत पगार अडणार. पगार देणारा एक आणि पगाराची ऐपत ठरवणारा दुसरा. पंच स्वतःच खेळत होता, आणि तरी पंचाची टोपी काढायला तयार नव्हता.

म्हणून कर्मचाऱ्यांनी विलीनीकरण मागितले. आम्हाला सरकारी कर्मचारी करा. बाहेरच्यांना ही मागणी अवास्तव वाटली. मला ती मालकाचा पत्ता विचारण्यासारखी वाटते.

ॲलन फॉक्स या ब्रिटिश अभ्यासकाने 1966 साली मालक-कामगार संबंधांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी सांगितल्या. एकीत कारखाना म्हणजे एक कुटुंब. भांडण झाले तर कुणीतरी कान भरले असणार. दुसरीत हितसंबंध वेगळे असणारच, ते टेबलावर बसून जुळवायचे. संपाच्या काळात सरकार या दोन्ही दृष्टींत ये-जा करत होते. एकीकडे निलंबन, बडतर्फी. दुसरीकडे 24 नोव्हेंबर 2021 ला वेतनवाढ. दहा वर्षांपर्यंतच्या सेवेला मूळ वेतनात पाच हजार, वीसपर्यंत चार हजार, त्यापुढे अडीच हजार. शिवाय दहा तारखेच्या आत पगाराचे आश्वासन. घासाघिशीच्या हिशेबाने संप तिथेच मिटायला हवा होता.

तो मिटला नाही, आणि इथे मला जॉन केली यांचे 1998 सालचे विवेचन उपयोगी पडते. ते म्हणतात, माणसे केवळ कमी मिळते म्हणून उठत नाहीत. आपल्यावर अन्याय झाला आहे आणि तो अमक्याने केला आहे, असे वाटले की उठतात. करोनाच्या काळात एसटीचे पगार लांबले होते. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. ज्याने महिनाअखेरीस किराणा दुकानदाराची नजर चुकवली आहे, त्याला पाच हजारांची वाढ हवीच असते, पण त्याआधी पगाराची तारीख हवी असते. सरकारने वाढ दिली, तारखेबद्दल शब्द दिला. शब्दावर विश्वास उरला नव्हता.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूची खुर्चीही रिकामीच होती. 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा हक्क मिळतो. पण ऑक्टोबरअखेर भत्त्यांवर तडजोड करून कृती समितीने उपोषण मागे घेतले आणि आगारे मात्र एकामागून एक बंद होत गेली. डिसेंबरात तर संपाची नोटीस देणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षांनीच संप संपल्याचे सांगितले. लोक उठले नाहीत. मुंबईच्या गिरणी कामगारांचे आठवते ना? तिथेही मान्यताप्राप्त संघटना कायद्याने होती, कामगार मात्र 18 जानेवारी 1982 पासून डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते. संघटनेला डावलून संप करता येतो. मिटवायला मात्र कुणाच्या तरी सहीला वजन लागते. शिवाय विलीनीकरण ही मागणीच अशी, की अर्धी देता येत नाही. याचा दोष कामगारांच्या नव्या पुढाऱ्यांकडेही जातो. खेड्यातली शाळकरी मुले महिनोन्महिने चालत होती किंवा घरी बसली होती, हे विसरून चालणार नाही.

शेवटी मुख्य सचिवांच्या समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचे सांगितले, सरकारने ते मानले, आणि 7 एप्रिल 2022 ला मुंबई उच्च न्यायालयाने 22 तारखेपर्यंत कामावर येण्यास सांगितले. कर्मचारी परतले, ते न्यायालयाच्या आदेशाने. वेतनकरार करून नव्हे.

सप्टेंबर 2024 मध्ये एसटी पुन्हा थांबली. तेव्हा संघटना एकत्र होत्या आणि समोर थेट मुख्यमंत्री बसले. मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ ठरली. संप दोन दिवसांत मिटला. तिजोरीची किल्ली असलेला माणूस या वेळी पहिल्यापासून खोलीत होता.

आता जरा डांगे चौकात या. इथून जाणाऱ्या पीएमपीच्या कित्येक गाड्या ठेकेदारांच्या आहेत. चालकाला पगार ठेकेदार देतो, ठेकेदाराला पीएमपी, आणि पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका साठ-चाळीस अशी वाटून घेतात. मार्च 2023 मध्ये बिले थकली म्हणून ठेकेदारांनीच गाड्या बंद ठेवल्या. संप चालकांनी केलेला नव्हता. बसथांब्यावरची माणसे मात्र त्यांनाच बोल लावत होती.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)