दर्याचें देणें

(धर्मग्रामाच्या शतकमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें उभें रहावें, पूर्वजांची स्तुति करावी, देणगीदारांचे आभार मानावे व खालीं बसावें, असा शिरस्ता आहे. आभाराचें काम चिटणीसांनीं आमच्याहून चांगल्या रीतीनें केलेलें आहे. पूर्वजांविषयीं मात्र एक गोष्ट सांगावयाची आहे व तिजवरूनच आजच्या विषयास आरंभ होईल. हें मंदिर ज्या पैशानें उभें राहिलें, त्यांतील मोठा वांटा मासळीच्या टोपल्यांतून आलेला आहे. दर होडीमागें देवळाचा ठराविक वांटा जमा करण्याची ती जुनी वही अद्याप आमच्या कपाटांत आहे. वाळवीनें कडा खाल्ल्या आहेत, परंतु अक्षर स्वच्छ आहे. कोणत्या होडीनें काय दिलें, याचा हिशेब आम्हांपाशीं शंभर वर्षांचा आहे; ज्या दर्यानें तें होडीला दिलें, त्याचा हिशेब मात्र कोणीं ठेविला नाहीं. तो आज जमेल तसा मांडावा, असें योजिलें आहे.

आपले तांडेल म्हणतात, ‘फादर, दर्या बदलला.’ हें वाक्य आम्हीं मयताच्या घरीं, लग्नाच्या मांडवांत व बंदरावर इतक्या वेळां ऐकलें कीं, प्रथम ती म्हाताऱ्या माणसांची नेहमींची कुरकुर वाटली. आमच्या सेमिनरींतील अभ्यासांत तत्त्वज्ञान होतें, ईशज्ञान होतें, थोडें लॅटिनही होतें. समुद्राचें शास्त्र नव्हतें. तें आम्ही पन्नाशीनंतर, चष्मा लावून, शाळकरी मुलाप्रमाणें शिकलों. तांडेलांचें म्हणणें खरें आहे, एवढें कळण्यास आम्हांस पुस्तकें वाचावीं लागलीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

कोळसा, तेल व वायु जाळून मनुष्यानें हवेंत जो कार्बन डायऑक्साइड वायु सोडला, त्यामुळें पृथ्वीवर जास्तीची उष्णता कोंडली गेली. त्या उष्णतेचा शेंकडा ९० हून अधिक भाग समुद्रानें आपल्या पोटांत घेतला आहे. हवेंत राहिला तो उरलासुरला अंश. आणि त्या अंशानेंच वैशाखांत आपणांस जीव नकोसा होतो. चुलीवर पाण्याचा मोठा हंडा ठेवावा व त्याखालीं मंद विस्तव असावा. हात घालून पहाणाऱ्यास पाणी बराच वेळ गारच लागतें. म्हणून विस्तव नाहीं, असें कोणी म्हणूं नये. आणि विस्तव विझविला तरी एवढा हंडा लगेच थंड होत नाहीं, हीही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

त्या वायूचा सुमारें चतुर्थांशही समुद्रच शोषून घेतो. सोडावॉटरच्या बाटलींत तोच वायु असतो व त्याचा आंबूसपणा जिभेस लागतो. यंत्रयुगाच्या आरंभापासून समुद्राच्या वरच्या पाण्याची आम्लता शेंकडा ३० च्या आसपास वाढली आहे. पाणी आंबट लागत नाहीं व लागणारही नाहीं. परंतु शिंपले, कालवें व पोंवळीं यांस आपलें घर बांधण्यास लागणारा चुन्याचा माल त्यामुळें कमी पडूं लागतो.

आतां आपल्या अरबी समुद्राकडे वळूं. पावसाळ्यांतील नैर्ऋत्येचा वारा सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यावरून, आणि खालीं केरळच्या बाजूसही, वरचें पाणी लोटून देतो. त्याच्या जागीं तळांतील थंड पाणी वर येतें. त्या पाण्यांत समुद्राचें खत असतें. त्या खतावर डोळ्यांस न दिसणाऱ्या वनस्पति वाढतात, त्यांवर बारीक जीव, त्यांवर तारली, बांगडा, बोंबील, आणि त्यांवर सुरमई, घोळ वगैरे मोठी मासळी. शेतकऱ्यास जसा नांगर, तसा समुद्रास हा वारा. परंतु वरचें पाणी फार तापलें म्हणजे तें हलकें होऊन थंड पाण्यावर तेलासारखें तरंगत रहातें व खालचें खत वर येण्यास वाट सांपडत नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेंतील शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें झालेल्या एका संशोधनांत, हिंदी महासागराच्या पश्चिम भागांत या सूक्ष्म वनस्पति सहा दशकांत शेंकडा २० पर्यंत घटल्याचें दिसून आलें. ज्या शेतांत पीक पंचमांशानें कमी, त्या शेतावर जगणाऱ्या गुरांची स्थिति काय होईल, हें येथील वाडीवाल्यांस आम्हीं सांगावयास नको. त्यांतच या समुद्राच्या मध्यम खोलीवर प्राणवायु अत्यंत कमी असलेल्या पाण्याचा एक जाड थर मुळांतच आहे. जगांतील अशा सर्वांत मोठ्या थरांपैकीं तो एक होय. ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मुरतो. म्हणजे माशाला वरून ताप व खालून गुदमर.

चक्रीवादळ हा बंगालच्या उपसागराचा रोग, अशी आपली जुनी समजूत होती. पुण्याच्या त्याच संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं १९८२ पासून २०१९ पर्यंतच्या वादळांची मोजदाद केली, तेव्हां २००१ नंतरच्या काळांत अरबी समुद्रांतील चक्रीवादळें शेंकडा ५२ नीं वाढल्याचें आढळलें. उपसागरांत उलट तीं किंचित् घटलीं. २००९ चें फयान, २०२० चें निसर्ग व २०२१ चें तौक्ते हीं नांवें आतां आपल्या मुलांसही पाठ आहेत. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते आपल्या किनाऱ्यासमोरून गेलें, तेव्हां मंदिराच्या मागील बाजूचे पत्रे उडाले व आम्ही दिवसभर त्या पत्र्यांचें दुःख करीत बसलों. पुढें कळलें कीं, त्याच वादळांत मुंबई हायजवळ पी-३०५ नांवाचा तराफा बुडाला व समुद्रांत सत्तरांहून अधिक कामगार प्राणांस मुकले. पत्र्यांविषयीं त्यानंतर आम्ही बोललों नाहीं.

२०१९ सालचा अनुभव तर तुमच्या वह्यांत असेल. त्या एका वर्षीं अरबी समुद्रांत पांच चक्रीवादळें झालीं. क्यार व महा हीं दोन तर एकामागून एक आलीं. आदल्या वर्षीं महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली होती. त्या वर्षीं २.०१ लाख टन. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें हा ४५ वर्षांतील नीचांक ठरविला. त्याचें एक मोठें कारण असें कीं, दर्यावर जाण्याचे दिवसच वादळांनीं खाऊन टाकले. होडी कांठावर, खलाशी कांठावर, आणि कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर दारांत.

पाण्याच्या उंचीविषयीं थोडक्यांत. तापलेलें पाणी फुगतें व वितळलेलें बर्फ त्यांत मिळतें, यामुळें १९०१ ते २०१८ पर्यंत जगाचा समुद्र सरासरीनें २० सेंटिमीटर चढला; म्हणजे जवळजवळ एक वीत. जुलै २०१८ मध्यें वसई-विरारचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्यांत राहिला, त्याचा दोष एकट्या समुद्राचा नव्हता. नाले बुजविणारे व खाजणांत भराव टाकणारे हात माणसांचेच होते. परंतु पावसाचें पाणी शेवटीं उतरावयाचें तें समुद्रांतच. आणि समुद्र जसजसा चढेल, तसतसा तो दरवाजा अरुंद होईल.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, ‘यांत आमचा काय अपराध?’ हा प्रश्न न्याय्य आहे. ज्याच्या घरीं दोन पंखे व होडीवर एक इंजिन, त्यानें जगाचा दर्या तापविलेला नाहीं. ज्यांनीं तापविला ते दूर आहेत, श्रीमंत आहेत, व त्यांच्या दारांत बोंबील सुकत नाहींत. हा अन्याय आहे, आणि तो अन्याय म्हणूनच बोलून दाखविला पाहिजे. तथापि जाळ्याच्या आसाचा, म्हणजे त्याच्या भोंकांच्या मापाचा, विषय त्यांच्या माथीं मारतां येत नाहीं.

या बाबतींत एक परदेशची हकीगत ऐकण्यासारखी आहे. कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंड नांवाचें बेट आहे; आयर्लंडांतून गेलेल्या आपल्या धर्मबंधूंचीं तेथें पुष्कळ गांवें आहेत. त्या बेटाजवळचा कॉड मासा युरोपनें शतकानुशतकें खाल्ला, तरी तो सरला नाहीं. पुढें तरंगते कारखाने म्हणावे अशीं जहाजें आलीं, व १९६८ या एका वर्षांत सुमारें ८ लाख टन कॉड निघाला. किनाऱ्यावरचे लहान मच्छीमार ‘मासा कमी होत चालला’ असें सांगत होते. सरकारी आंकड्यांत मात्र मासा पुष्कळ होता. २ जुलै १९९२ रोजीं सरकारनें ती मासेमारी बंद केली. तीस हजारांच्या आसपास माणसें बेकार झालीं. दोन वर्षांकरितां म्हणून घातलेली ती बंदी २०२४ सालीं उठली, आणि उठली तेव्हां वर्षास परवानगी मिळाली ती अवघ्या १८ हजार टनांची. त्या मधल्या बत्तीस वर्षांत जी मुलें गांव सोडून गेलीं, तीं परत आलीं नाहींत.

आतां आमची स्वतःची गोष्ट. सहा वर्षांपूर्वीं एका नव्या होडीस आशीर्वाद देण्यास आम्ही बंदरावर गेलों. होडी, इंजिन व जाळीं या सर्वांवर पवित्र पाणी शिंपडलें, प्रार्थना केली, फटाके उडाले. मालकाच्या घरीं जेवणास सरंगे होते; एकेक सरंगा तळहाताएवढा. आम्हीं चार खाल्ले व रांधणाऱ्या बाईंची तोंडभर स्तुति केली. शेजारच्या पानावर एक वृद्ध तांडेल बसले होते. ते हळूच म्हणाले, ‘फादर, तुम्हीं चार पिलें खाल्लींत. आणि तीं ज्या डोलींत सांपडतात, तसल्याच डोलीवर आज सकाळीं पवित्र पाणी शिंपडलेंत.’ आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ताटांत कांटे होते, ते आम्ही पहात राहिलों.

त्या रात्रीं योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय पुन्हां उघडला. पेत्रानें कांठावर ओढलेल्या जाळ्यांत १५३ मासे होते, हें आम्हीं प्रवचनांत कितीदां तरी सांगितलें होतें. तेथें ‘मोठे’ असा शब्द आहे, हें त्या रात्रीं प्रथम लक्षांत आलें. १५३ या आंकड्यावर शास्त्री-पंडितांनीं पुष्कळ खल केला आहे. माशांच्या मापाकडे कोणीं फारसें पाहिलेलें आमच्या वाचनांत नाहीं. आम्हीही त्यावर सिद्धांत उभारीत नाहीं. केवळ नमूद करतों.

राज्य सरकारनें २०२३ सालीं सरंग्यास, म्हणजे रुपेरी पापलेटास, राज्यमासा ठरविलें आणि त्याच वर्षीं ५४ जातींच्या मासळीचें किमान माप घालून दिलें. सरंग्याचें माप १३५ मिलिमीटर. याविषयीं बंदरावर बोलणें काढलें, तेव्हां तुम्हीं जें उत्तर दिलेंत, तें आम्हांस अर्धें पटलें. बोंबील व जवळा यांकरितां डोलीचा आस बारीकच लागतो; त्यांत सरंग्याचें पिलूं शिरलें तर काय करावें? वर काढीपर्यंत तें मेलेलें असतें. आणि आपण सोडलेलें पिलूं बाहेर पर्ससीनवाला दिव्यांच्या उजेडांत उचलतो. हेंही खोटें नाहीं. पर्ससीनवर राज्यानें २०१६ सालीं निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीस केंद्रानें २०१७ सालीं मनाई केली. तरी रात्रीं क्षितिजावर नवें गांव वसल्यासारखा उजेड दिसतो, असें तुम्ही सांगतां. त्याविषयींचा अर्ज घेऊन आम्ही एका कचेरींत तीनदां गेलों. तिन्ही वेळां गस्तीची नौका दुरुस्तीस गेलेली होती. चौथ्यांदा जाणार आहों; या वेळीं एकटे नव्हे.

राहिलें अर्धें उत्तर, जें पटलें नाहीं. डोल जेथें ओढावयाची ती जागा व ते दिवस तांडेलाच्या हातांत आहेत. पिलें कांठाजवळ केव्हां येतात, हें पुस्तकांपेक्षां तुम्हांस अधिक ठाऊक आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदींत तुम्ही होड्या ओढून ठेवतां. त्यापुढें किंवा मागें आणखी कांहीं दिवस एखादी होडी त्या जागेवर गेली नाहीं, तर तिचें नुकसान होईल, हें आम्ही जाणतों. म्हणून सल्लागार मंडळापुढें आम्हीं असें मांडलें आहे कीं, जी होडी पिलांच्या दिवसांत डोल सुकत ठेवील, तिच्याकडून त्या काळाचा देवळाचा वांटा घ्यावयाचा नाहीं. शंभर वर्षांच्या त्या वहींत असा कोरा रकाना पूर्वीं नाहीं. आमच्या खजिनदारांचें तोंड त्या दिवसापासून उतरलेलें आहे. त्यांची क्षमा मागतों, परंतु ठराव मागें घेत नाहीं.

दुसरें, मासळी विकणाऱ्या भगिनींकरितां १३५ मिलिमीटरची खूण केलेल्या लांकडी पट्ट्या करवून घेतल्या आहेत. बाजारांत लहान सरंगा मागणारें गिऱ्हाईक पुष्कळदां आपल्याच धर्मग्रामांतील असतें, तेव्हां पट्टी त्याच्यापुढें ठेवावी. आजच्या जेवणांत सरंगा नाहीं, बांगडा आहे. आचाऱ्यांस आम्हीं स्वतः जाऊन सांगितलें.

पहिली पट्टी त्या वृद्ध तांडेलांस द्यावयाची, असें मनांत होतें. ते गेल्या पावसाळ्यांत वारले. त्यांच्या नातवास विचारलें. तो दर्यावर जात नाहीं, सकाळच्या गाडीनें मुंबईस नोकरीस जातो. पट्टी घेईन म्हणाला आहे. तो मागें, दाराजवळ उभा आहे. त्यानें कृपा करून पुढें यावें.