संगणकाला आलेख काढायला सांगताना



आलेख काढणे आपल्या शाळांना नवे नाही. चौकटींच्या कागदावर दोन अक्ष आखायचे, क्षला शून्य, एक, दोन अशा किमती द्यायच्या, त्यावरून य काढायचा, बिंदू मांडायचे आणि जोडायचे. हेच काम संगणक पापणी लवायच्या आत करतो. पण त्याला ते सांगायचे कसे?

गुरुजी वर्गात म्हणतात, “क्षच्या वर्गाचा आलेख काढा रे.” मुले कामाला लागतात. कुठून कुठपर्यंत, हे कोणी विचारत नाही, कारण कागद केवढा आहे ते डोळ्यांना दिसत असते. संगणकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात : नियम कोणता, त्यातले बदलते अक्षर कोणते आणि ते कुठून कुठवर फिरवायचे. या गोष्टी कोणत्या क्रमाने आणि कोणत्या खुणांनी सांगायच्या, हे आज्ञेचे व्याकरण. ते कोणीतरी माणसाने बसून ठरवलेले असते; म्हणून ते ठिकठिकाणी वेगळे आहे.

अमेरिकेत क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅटलॅब रचले. त्यातली आलेखाची मूळ आज्ञा नियम मागतच नाही. क्षच्या किमतींची एक रांग द्या, यच्या किमतींची दुसरी द्या; यंत्र फक्त बिंदू जोडते. म्हणजे आपल्या चौकटींच्या कागदाचीच रीत. मात्र क्षचा वर्ग लिहिताना घाताच्या खुणेआधी एक टिंब द्यावे लागते. ते टिंब राहिले, तर ‘प्रत्येक संख्येचा वर्ग कर’ याऐवजी ‘सबंध रांगेला रांगेने गूण’ असा अर्थ होतो, आणि यंत्र नकार देते. एवढ्याशा टिंबापायी नवशिक्याचा तास जातो हो! पुढे नियमच घेणारी निराळी आज्ञा तिथे आली, ती यामुळेच सोयीची.

ग्नूप्लॉट १९८६ मध्ये आले. त्याची आज्ञा सर्वांत तोकडी. आज्ञेचा शब्द आणि पुढे नियम, बस्स. बदलते अक्षर क्षच असणार, हे ते गृहीत धरते. मर्यादा न दिल्यास उणे १० ते १० स्वतःच घेते. जाणत्याला हे फार सोयीचे. पण एकतृतीयांश गुणिले क्षचा वर्ग हा नियम त्याला १ भागिले ३ असा लिहून द्या. १ आणि ३ हे दोन्ही पूर्णांक, म्हणून भागाकारही ते पूर्णांकातच करते, उत्तर शून्य. पडद्यावर अक्षाला चिकटलेली सपाट रेघ येते. चूक झाली असे यंत्र म्हणत नाही. १ च्या जागी १.० लिहिले की वक्र उमटतो. आता ज्या मुलाने असा आलेख हाताने कधी काढलेलाच नाही, तो त्या सपाट रेघेलाच खरे मानणार नाही काय?

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात १९८० मध्ये सुरू झालेल्या मेपलमध्ये आधी नियम, मग स्वल्पविराम, मग ‘क्ष बरोबर शून्य ते दहा’ असे लिहितात. आपल्या वहीच्या अगदी जवळचे. पण त्याआधी कुठे क्षला ३ ही किंमत देऊन ठेवली असेल, तर यंत्र आधी क्षच्या जागी ३ घालते. मग त्याच्यापुढे वाक्य उरते : ‘नऊचा आलेख काढ, तीन बरोबर शून्य ते दहा.’ असल्या वाक्याचे ते तरी काय करील?

मॅथेमॅटिका १९८८ चे. त्याने आलेखापुरते ते अक्षर मोकळे धरले. आधीची किंमत मध्ये येत नाही, काम झाले की परत लागू होते. अक्षर, आरंभ आणि शेवट ही तिन्ही एका महिरपी कंसात बसतात, आणि तोच कंस बेरजेला, कोष्टकाला, संकलनालाही चालतो. एकदा शिका, चार ठिकाणी वापरा. फलासाठी तिथे चौकटी कंस ठेवला आहे. आपण साधा कंस गुणाकारालाही वापरतो आणि फलालाही. माणूस संदर्भाने ओळखतो, यंत्राचा गोंधळ होतो. अर्थात यालाही किंमत पडते. आलेखाच्या आज्ञेतच विकलन करायला सांगितले, तर यंत्र आधी अक्षराच्या जागी संख्या घालून बसते आणि मग विकलन कशाचे करायचे? ‘हे आधी सोडव’ असे वेगळे सांगावे लागते. तरीही चारांत मला हीच रचना पसंत आहे, कारण कोणते अक्षर फिरणार हे लिहिणाऱ्याला स्वतः म्हणावे लागते. समीकरणातला क्ष ही शोधायची संख्या आणि आलेखातला क्ष ही चालती संख्या, हा भेद मुलांना फार उशिरा उमगतो.

मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियात २००१ मध्ये सुरू केलेले जिओजेब्रा शाळांना विनामूल्य मिळते. त्यात फळ्यावर लिहितो तसेच ‘य बरोबर क्षचा वर्ग’ लिहायचे. मर्यादा म्हणजे समोर दिसणारी खिडकी. पुन्हा कागद आलाच म्हणा! सुरुवातीला हेच बरे.

संगणक नसला तरी एक खेळ वर्गात करता येतो. एका मुलाला यंत्र करा आणि फळ्याकडे पाठ करून बसवा. दुसऱ्याने फक्त बोलून त्याच्याकडून आलेख काढून घ्यायचा. यंत्र झालेल्याने न सांगितलेले काहीही करायचे नाही, आणि सांगितलेले अक्षरशः करायचे. पहिल्या खेपेला बहुधा अक्षच आखायचे राहून जातात.