टोस्टर घरात आला, आता आधी बोर्ड बघा

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून मी बचत गटाची समन्वयक बोलते आहे. आजचा विषय आहे ब्रेड भाजायचा टोस्टर.

तुम्ही म्हणाल, आपण भाकरी खाणारी माणसं, आपल्याला टोस्टर कशाला? पण लग्नाच्या आहेरात तो येतो, शहरातला भाऊ दिवाळीला घेऊन येतो. सकाळी लेकरांची शाळा, शेताची घाई, त्यात दोन मिनिटांत काहीतरी गरम मिळतं म्हणून तो वापरलाही जातो. वस्तू वाईट नाही. पण तव्याला कशाचीच जोड लागत नाही, टोस्टरला भिंतीतला करंट लागतो. म्हणून आधी बोर्डाचं बोलू, ब्रेडचं नंतर.

टोस्टरच्या आत निकेल आणि क्रोमियम या धातूंची तार असते. तिच्यातून वीज गेली की ती लालबुंद होते आणि तिच्या आचेनं ब्रेड भाजतो. बहुतेक टोस्टरमध्ये ही तार उघडीच असते, तिच्यावर प्लास्टिक नसतं. म्हणजे वरच्या फटीतून सुरी, चमचा किंवा उलथणं आत गेलं, तर ते थेट विजेच्या तारेला लागू शकतं. ब्रेड अडकला तर काय करायचं? आधी बोर्डावरचं बटण बंद, मग पिन बाहेर, मग टोस्टर गार होऊ द्यायचा आणि नंतर तो उलटा करून हलक्या हातानं झटकायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कारण काही घरांत वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. मग बटण बंद असतानाही आतल्या तारेत करंट राहतो.

आता पिनेकडे बघा. टोस्टरच्या पिनेला तीन दांड्या असतात. त्यातली वरची जाड, लांब दांडी अर्थिंगची. आत एखादी तार सुटून पत्र्याच्या बॉडीला लागली, तर करंटनं जमिनीत जावं म्हणून ती दिलेली असते. अर्थिंग नसेल तर तो करंट बॉडीतच थांबतो आणि जी बाई हात लावील तिच्या अंगातून जमिनीत जातो. त्यात आपली जमीन शेणानं सारवलेली, ओली, आणि पाय अनवाणी. अशा वेळी करंटला वाट सोपी होते.

काही घरांत बोर्डाला तीन भोकं असतात, पण वरच्या भोकाला मागून तारच जोडलेली नसते. काही जण तिसरी दांडी काढून टाकतात. काही ठिकाणी पिनच नसते, उघड्या तारा भोकात घालून काडेपेटीच्या काड्या खोचलेल्या असतात. ताईंनो, अशा बोर्डावर टोस्टर, इस्त्री, पाण्याचा रॉड यातलं काहीच लावू नका.

अर्थिंग आहे म्हटलं तरी ते जिवंत आहे का, हेही बघावं लागतं. अंगणात खड्डा घेऊन त्यात पाईप किंवा पट्टी पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात. माती ओली असली तर करंट नीट जातो. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन भेगाळते, मग तेच अर्थिंग कमजोर पडतं. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. पत्र्याचं घर असेल तर वायर पत्र्याच्या कडेला घासत नाही ना, तेही बघा. वायरीचं प्लास्टिक कापलं गेलं तर अख्ख्या पत्र्यात करंट उतरू शकतो.

आणखी एक समज काढून टाका. बोर्डात एमसीबी आहे म्हणजे माणूस वाचेल, असं नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. घरासाठी ३० मिलीॲम्पियरचा घेतात. करंट चुकीच्या वाटेनं गळायला लागला की तो क्षणात लाईट तोडतो.

आता बिलाचं बोलू. ८०० वॅटचा टोस्टर एका वेळी दोन मिनिटं चालला, तर एका युनिटमध्ये साधारण ३७ वेळा भाजून होतं. म्हणजे बिलाला तो फार जड नाही. पण त्याच एका एक्स्टेंशन बोर्डावर १५०० वॅटचा पाण्याचा रॉडही लावला, तर वायर तापून वितळते. साधा सॉकेट ६ ॲम्पियरचा, तो जेमतेम १३०० वॅटपर्यंतचा भार घेतो. रॉडला १६ ॲम्पियरचा मोठा सॉकेटच पाहिजे.

वापरायची रीतही सांगते. नवा टोस्टर पहिल्यांदा खिडकी उघडी ठेवून एक-दोन वेळा रिकामाच चालवा, वास निघून जाईल. आकडे १ ते ६ असतील तर २ वर सुरू करा. दुसऱ्या वेळी तो आधीच तापलेला असतो, म्हणून आकडा थोडा कमी ठेवा. शिळा, सुकलेला ब्रेड लवकर करपतो. तूप, लोणी, चटणी भाजून झाल्यावर लावा, आधी लावलं तर ते आत गळून पेट घेतं. जाड पाव आणि भाकरीचा तुकडा आत कोंबू नका, त्यासाठी आपला तवाच बरा. खालच्या ट्रेमधला चुरा आठवड्यातून एकदा काढा. टोस्टर पाण्यात बुडवून कधीच धुवायचा नाही, कोरड्या फडक्यानं पुसायचा. जवळ पडदा, कागद, प्लास्टिकची पिशवी नको, आणि पदर खोचलेला असू द्या. लाईट गेली तर पिन काढून ठेवा.

आत ब्रेड पेटला तर पाणी ओतू नका. बटण बंद करा, जमलं तर पिन काढा, लेकरांना लांब न्या आणि आग आतच विझू द्या. कुणाला शॉक बसून माणूस चिकटला, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीनं त्याला बाजूला ढकला आणि १०८ ला फोन करा. खांबावरची तार तुटली, घरात येणाऱ्या तारेतून ठिणग्या उडाल्या, तर महावितरणला १९१२ वर कळवा.

शेवटी गटासाठी एक काम. येत्या बैठकीत प्रत्येकीनं तीन गोष्टी सांगाव्यात: घरात अर्थिंग आहे का, तीन भोकांचा धड बोर्ड आहे का, आरसीसीबी आहे का. ज्यांच्याकडं नाही त्यांची यादी करा आणि परवाना असलेल्या वायरमनला एकाच दिवशी गावात बोलवा. चार-पाच घरं एकत्र असली की येण्याजाण्याचा खर्च वाटून जातो. टोस्टरसाठी गटाचं कर्ज काढू नका, असं मी सांगीन. पण अर्थिंगसाठी कुणी अंतर्गत कर्ज मागितलं तर नाही म्हणू नका. ते पैसे त्या घरातल्या जिवांसाठी आहेत.