हळदीचे गुण आणि गावाची नोंदवही

(नरसी नामदेव येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



संत नामदेवांच्या या गावी एक गोष्ट प्रकर्षाने आठवते. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात लिहून ठेवली गेली, म्हणूनच शतके लोटली तरी ती पंजाबात गायिली जातात. लिहिलेले टिकते. आज आपल्या शेतातील हळदीविषयी बोलताना हाच धडा मला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

आपला हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जखमेवर हळद लावावी, हे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. तरीही १९९५ साली अमेरिकेत याच उपयोगाचे पेटंट दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. डॉ. रघुनाथ माशेलकर हे तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ एवढ्याने भागणार नव्हते. लेखी पुरावा हवा होता. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत ग्रंथांतील उल्लेख होते, तसाच १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

आता हळदीचे गुण कशात आहेत ते पाहू. तिचा पिवळा रंग मुख्यतः करक्युमिन या द्रव्यामुळे येतो. हे द्रव्य १८१५ साली प्रथम वेगळे करण्यात आले आणि त्याची रासायनिक रचना १९१० साली निश्चित झाली. वाळलेल्या हळकुंडात करक्युमिन व त्याची भावंडे मिळून साधारणतः २ ते ५ टक्के असतात. दाह कमी करणे, काही जंतूंची वाढ रोखणे हे त्यांचे गुण प्रयोगशाळेत दिसून आले आहेत. मात्र पोटात घेतलेले करक्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. सोबत मिऱ्यातील पायपरीन दिल्यास हे प्रमाण सुमारे वीस पटींनी वाढते, असे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांना एका लहान प्रयोगात आढळले.

म्हणून दोन टोके टाळली पाहिजेत. हळद निरुपयोगी म्हणणे जसे चूक, तसेच ती सर्व रोगांवर रामबाण म्हणणेही चूक. मधुमेह, कावीळ वा कर्करोगाचा रुग्ण हळदीच्या भरवशावर घरी ठेवू नये. खोल जखम झाल्यास धनुर्वाताची लस टोचून घेणे आवश्यकच आहे. स्वयंपाकातील हळद निर्धोक असली, तरी करक्युमिनच्या तीव्र मात्रेच्या गोळ्यांमुळे काहींच्या यकृतास इजा झाल्याचे अलीकडे नोंदले गेले आहे.

शुद्धतेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. हळकुंडे अधिक पिवळी दिसावीत म्हणून लेड क्रोमेट हा रंग लावणे म्हणजे मुलांच्या मेंदूस अपाय करणारे शिसे अन्नात मिसळणे होय. बांगलादेशात ही भेसळ २०१९ साली संशोधनातून उघडकीस आली. तेथील शासनाने कडक तपासणीस लोकशिक्षणाची जोड दिली आणि २०२१ पर्यंत बाजारातील नमुन्यांत ती आढळेनाशी झाली. शाळेत एक सोपी परीक्षा करता येईल. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकावी. शुद्ध हळद तळाशी बसते व पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाल्यास भेसळीचा संशय घ्यावा व नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावा. चुन्याच्या निवळीत हळद लाल का होते, हेही विद्यार्थ्यांना त्याच तासाला दाखवावे.

शेवटी पंचायतीस एक विनंती. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. ही वही कपाटात बंद राहू नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह वडीलधाऱ्यांकडे जावे आणि हळद, अडुळसा, गुळवेल यांची स्थानिक नावे, वापरावयाचा भाग, तयार करण्याची रीत व उपयोग त्यांच्या संमतीने लिहून घ्यावेत. शास्त्राने सिद्ध झालेले कोणते आणि केवळ ऐकीव कोणते, हेही तेथेच वेगळे नोंदवावे. एक म्हातारी जाते, तेव्हा तिच्याबरोबर तिचे ज्ञानही जाते. ते जाण्यापूर्वी लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.