कॅमेऱ्यांतील दुधी कांच

घरांत वडील माणसाचें सहस्रचंद्रदर्शन असतें. आप्तेष्ट जमतात, ओवाळणें होतें, आणि नातवंडांपैकीं ज्याला छायाचित्रणाचा नाद असतो तो आपला कॅमेरा घेऊन पुढें सरसावतो. आजोबांना खिडकीच्या उजेडांत बसवून तो भिंगावरील कडें सावकाश फिरवितो आणि चित्र रेखीव दिसतांच कळ दाबतो. पुढें तें चित्र मोठें करून पाहावें, तों आजोबांच्या मिशीचा केस न् केस मोजून घेतां येतो. डोळे मात्र धुक्यांतून पाहिल्यासारखे पुसट! हात हलला असें कोणी म्हणतें, भिंगच वाईट असें कोणी. पुष्कळ वेळां दोष या दोहोंतहि नसतो. तो कॅमेऱ्याच्या पोटांतील एका लहानशा कांचेंत असतो. तिला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. अनेक कॅमेऱ्यांत ती घरच्या घरीं बदलतां येते. पण ती कां बदलावयाची हें समजून घेतल्यावांचून बदलण्यांत लाभ नाहीं.

एस. एल. आर. जातीच्या कॅमेऱ्याची रचना ध्यानांत घेतली म्हणजे या कांचेचें महत्त्व कळून येईल. भिंगांतून आलेला प्रकाश आंतील तिरप्या आरशावर पडतो व वर वळून या दुधी कांचेवर चित्र उमटवितो. तेंच चित्र पंचकोनी लोलकांतून फिरून पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोंचतें. कळ दाबतांच आरसा उचलला जातो, आणि मग तो प्रकाश मागील फिल्मवर किंवा सेन्सरवर जातो. म्हणजे डोळा पाहतो तें चित्र एका जागीं, आणि टिपलें जातें तें दुसऱ्या जागीं! भिंगापासून आरशावरून कांचेपर्यंतचें अंतर व भिंगापासून फिल्मपर्यंतचें अंतर हीं तंतोतंत सारखीं असलीं, तरच डोळ्याची साक्ष खरी.

हा तंतोतंतपणा किती बारीक असावा लागतो? ८५ मिलिमीटरचें भिंग एफ १.४ इतकें उघडें ठेवून दीड मीटरवरील चेहरा टिपला, तर पुढचें-मागचें मिळून सुमारें अडीच सेंटिमीटर खोलीपर्यंतच चित्र रेखीव येतें. आतां कांच आपल्या जागेपासून एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका साध्या कागदाच्या जाडीइतकी, सरकली आहे असें समजा. तेवढ्यानें फोकसची जागा जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर हलते. डोळ्यांवर साधलेला फोकस मिशीवर कसा गेला, याचा उलगडा यांतच आहे.

दुधी कांच ही कांहीं नवी वस्तु नव्हे. तिपाईवरील मोठ्या लांकडी कॅमेऱ्याच्या मागें काळें फडकें डोक्यावर घेऊन छायाचित्रकार जें उलटें चित्र पाहात असे, तें अशाच कांचेवर. १९३६ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन येथें निघालेल्या किने एक्झाक्टा या लहान कॅमेऱ्यांत ती वर आली. मात्र वरून वांकून पाहावें लागे आणि डावें-उजवें पालटलेलें दिसे. १९४९ च्या काँटॅक्स एस या त्याच शहरांतील कॅमेऱ्यानें पंचकोनी लोलक आणून ही अडचण दूर केली. पुढें १९५९ सालीं जपानांतून आलेल्या निकॉन एफ मध्यें ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणें निरनिराळ्या कांचा बसविण्याची सोय होती. इमारतींचीं चित्रें काढणाऱ्यास उभ्या-आडव्या रेघांची, तर इतरांस दुभंग चित्राची.

या दुभंग चित्राच्या कांचेंत मधोमध एक लहान वर्तुळ असतें व त्यांत परस्परविरुद्ध उतार असलेल्या दोन पाचरी बसविलेल्या असतात. फोकस चुकला असेल तर दाराची उभी चौकट त्या वर्तुळांत तुटून दोन बाजूंस सरकते; साधला कीं दोन्ही तुकडे जुळतात. ज्याला पुसट व रेखीव यांतील सूक्ष्म भेद ओळखणें जड जातें, त्यालाहि मोडलेली रेघ चटकन् ओळखतां येते. पण तिच्याहि मर्यादा आहेत. जेथें ठळक रेघच नाहीं, तेथें जुळवावयाचें काय? शिवाय भिंगाचें सर्वांत मोठें छिद्रच एफ ५.६ किंवा त्याहून लहान असलें, तर वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो.

मग आतांच्या कॅमेऱ्यांतून ही सोय गेली कोठें? १९८५ सालीं मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आला आणि फोकस साधण्याचें काम यंत्राकडे सोंपविण्याची प्रथा रूढ झाली. अशा कॅमेऱ्यांत आरसा मध्यभागीं थोडा पारदर्शक करून कांहीं प्रकाश खालच्या यंत्राकडे पाठवावा लागतो. म्हणून डोळ्याच्या वांट्यास प्रकाश कमी येतो. ती उणीव भरून काढण्याकरितां कांच अधिक उजळ करण्यांत आली. परंतु हा उजळपणा फुकटचा नाहीं. अशी कांच प्रकाश फार फांकूं देत नाहीं. त्यामुळें मोठ्या छिद्राच्या कडेनें तिरपे येणारे किरण डोळ्यापर्यंत पोंचतच नाहींत. भिंग एफ १.४ चें असलें तरी डोळ्याला तें सुमारें एफ २.८ चें असल्यासारखें दिसतें. जेथें खरी खोली अडीच सेंटिमीटर, तेथें पांच सेंटिमीटर रेखीव असल्याचा भास होतो. चित्र दिसावयास प्रसन्न, पण चूक झांकणारें!

याची परीक्षा सोपी आहे. मोठ्या छिद्राचें भिंग लावून छिद्र आधींच मिटवून दाखविणारी कळ दाबावी आणि एफ १.४ वरून एफ २.८ वर यावें. चौकटींतील चित्र जर मुळींच काळवंडलें नाहीं, तर कांच उजळ जातीची आहे असें समजावें.

उपाय म्हणजे अधिक प्रकाश फांकणारी कांच. २००५ सालच्या कॅनन ईओएस ५डी साठीं ‘ईई-एस’ नांवाची अशी कांच खुद्द कारखान्यानेंच काढली होती. तिच्यावर फोकसचा चढउतार स्पष्ट दिसतो. मात्र एफ २.८ हून लहान छिद्राचीं भिंगें लावल्यास चित्र अंधुक होतें. आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. या कॅमेऱ्यांत प्रकाशमापक कांचेच्या वर असल्यामुळें, कांच बदलली कीं त्याचें मापहि बदलतें. म्हणून कॅमेऱ्याच्या यादींत नव्या कांचेची नोंद करावी लागते.

कांच बदलण्याचें काम नाजूक खरें, पण अवघड नाहीं. भिंग काढून कॅमेऱ्याचें तोंड किंचित् खालीं करावें, म्हणजे धूळ आंत शिरत नाहीं. चौकटीची लहानशी आंकडी सोडवितांच ती खालीं उतरते. कांचेच्या कडेला असलेलें कानासारखें टोंक चिमट्यानें धरून जुनी काढावी व नवी तशीच बसवावी. हिला कांच म्हणतात, तरी ती बहुधा मऊ प्लास्टिकची असते. बोटाचा ठसा किंवा फडक्याची एक पुसणी तिला कायमची खराब करते. धूळ रबरी फुग्याच्या वाऱ्यानें उडवावी. राहिलाच एखादा कण, तर तो नुसता डोळ्याला दिसेल, चित्रांत येणार नाहीं.

कांच बसली म्हणजे काम संपलें, असें मात्र नव्हे. प्रथम डोळा लावावयाच्या खिडकीचा नंबर असा जुळवावा कीं कांचेवरील रेघा स्वच्छ दिसाव्यात. नंतर टेबलावर मोजपट्टी तिरपी ठेवून, कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून, छिद्र पूर्ण उघडून एका खुणेवर फोकस करावा व चित्र घ्यावें. तीच खूण रेखीव आली तर उत्तम. मागील खुणा रेखीव आल्या तर कांच आरशापासून दूर आहे. पुढील आल्या तर ती जवळ आहे. हें अंतर कांचेच्या चौकटींत धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या घालून अथवा काढून दुरुस्त करतात. तें हातून होण्यासारखें नसेल तर कुशल कारागिराकडे जावें. कांच कितीहि खरी असली, तरी ती चुकीच्या जागीं बसली तर तिची साक्ष खोटीच ठरते.

आजच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत सेन्सरवरचेंच चित्र डोळ्याला दिसतें, तेव्हां हा प्रश्न तेथें उद्भवत नाहीं. परंतु ज्यांच्या कपाटांत आरशाचा चांगला कॅमेरा व वडिलांच्या हातचें जुनें भिंग आहे, त्यांनीं तें निरुपयोगी समजण्यापूर्वीं एक संध्याकाळ मोजपट्टीजवळ घालवावी. मोजपट्टीचें चित्र बिघडलें तर पुन्हा घेतां येतें. सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस पुन्हा येत नाहीं.