संघ कशानें टिकतो?



संघ पैशानेंच उभा राहतो, हा समज सोडा. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांचा संघ काढला. त्याजवळ निधि नव्हता, नियम नव्हते, सभासदांची यादीहि नव्हती. मग होतें काय? बोलणें, सही आणि छापील कागद! सभेंत मागण्या ठरल्या. सुमारें ५,५०० जणांनीं अर्जावर सह्या केल्या. लोखंड्यांच्या 'दीनबंधु'नें गाऱ्हाणीं छापलीं. २४ एप्रिल १८९० च्या सभेस सुमारें १०,००० कामगार जमले, दोन बायांनीं भाषणें केलीं. त्याच जूनमध्यें रविवारची सुटी पदरांत पडली.

म्हणून आपल्या सोसायटीचा ठराव दप्तरांत कोंडूं नका. चावडीवर मोठ्यानें वाचा. ज्यास अक्षर येत नाहीं त्यासहि ऐकवा. ज्याला कळलेंच नाहीं, तो सोबत येईल कसा?